समदर्शनाची कसोटी

श्रीमद्भगवद्गीतेच्या पाचव्या अध्यायातील अठरावा श्लोक ठाऊक नाही असा गीतापाठक विरळाच. विद्या व विनय यांनी संपन्न ब्राह्मण, गाय, हत्ती, श्वान आणि लोकांनी समाजाच्या अगदी खालच्या पायरीवर ढकललेला मनुष्य, या सर्वांच्या ठिकाणी ज्ञानी पुरुष एकच तत्त्व पाहतो, असे भगवंतांनी तेथे सांगितले आहे. नित्य पाठात हा श्लोक म्हणताना जीभ कोठेही अडखळत नाही. परंतु देवघरातून उठून गृहस्थ जेव्हा रस्त्यावर, बाजारात, आगगाडीच्या डब्यात किंवा जेवणाच्या पंक्तीत जातो, आणि तेथे निराळ्या रंगाचा, निराळ्या भाषेचा, निराळ्या उपासनेचा मनुष्य त्याच्या शेजारी येऊन उभा राहतो, तेव्हा त्या श्लोकाची खरी परीक्षा सुरू होते.

येथे एक शंका नेहमी घेतली जाते. भगवंतांनी समदर्शन सांगितले आहे, समवर्तन सांगितलेले नाही. दृष्टी सम असावी, परंतु वागणूक ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे भिन्नच राहणार. गाईला चारा घालतात, विद्वानाला चारा घालीत नाहीत. मग व्यवहारातील भेदांना दोष का द्यावा? ही शंका वरवर पाहता बिनतोड वाटते आणि आजवर कितीतरी सज्जनांच्या मनाला तिने स्वस्थ झोप दिली आहे. म्हणून तिचे समाधान नीट समजून घेतले पाहिजे.

आई आजारी मुलाला पेज देते आणि धट्ट्याकट्ट्या मुलाला भाकरी देते. वागणूक भिन्न आहे, हे खरे. परंतु ही भिन्नता कोणाच्या हितासाठी आहे? ज्याला पेज मिळाली त्याच्याच हितासाठी. आता एखाद्या घरात सावत्र मुलाला शिळे अन्न आणि सख्ख्या मुलाला ताजे अन्न वाढले जाते. तेथेही वागणूक भिन्नच आहे; परंतु ती भिन्नता शिळे खाणाऱ्याच्या हितासाठी नाही, ती वाढणाऱ्याच्या ममत्वातून निघाली आहे. तात्पर्य, समोरच्याच्या गरजेतून जन्मलेला भेद समदर्शनाला बाध आणीत नाही. आपल्या अहंकारातून, लोभातून किंवा भयातून जन्मलेला भेद समदर्शनाचा नाश करतो. सहाव्या अध्यायाच्या बत्तिसाव्या श्लोकात भगवंतांनी याचे मापही देऊन ठेवले आहे. जो दुसऱ्याचे सुख व दुःख स्वतःवरून मोजतो तो योगी परम श्रेष्ठ होय, असे ते म्हणतात. जो भेद आपल्याला दुसऱ्याने लावला असता तर सोसला नसता, तो भेद दुसऱ्याला लावणे हे विषमदर्शनच होय. त्याला शास्त्राचे कोणतेही वस्त्र नेसविले तरी त्याचे रूप पालटत नाही.

हे माप हाती घेऊन दक्षिण आफ्रिकेचा इतिहास पाहिला म्हणजे गीतेतील हे वचन किती व्यावहारिक आहे हे ध्यानात येते. त्या देशात १९४८ साली अधिकारावर आलेल्या सरकारने वंशभेदाला राज्याचे धोरणच केले. १९५० साली दोन कायदे झाले. एकाने प्रत्येक माणसाची वंशवार नोंद सक्तीची केली; दुसऱ्याने कोणत्या वंशाच्या लोकांनी कोणत्या भागात राहावे हे ठरविले. शाळा, दवाखाने, आगगाडीचे डबे, टपालकचेरीतील खिडक्या, बागेतील बाकडीसुद्धा वेगळी झाली. आणि याचे समर्थन काय, तर प्रत्येक वंशाचा त्याच्या त्याच्या प्रकृतीप्रमाणे पृथक् विकास व्हावा हे. 'भेद आहे, पण तो तुमच्याच हितासाठी आहे' हे शब्द किती ओळखीचे आहेत! परंतु आत्मौपम्याचे माप लावताच ते समर्थन कोसळते. ज्यांनी तो कायदा केला त्यांच्यापैकी एकानेही आपल्या मुलासाठी आफ्रिकी मुलाची शाळा किंवा आफ्रिकी मजुराची झोपडी मागितली नसती.

अठराव्या अध्यायात भगवंतांनी ज्ञानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. विभागलेल्या भूतांमध्ये अविभक्त असा एक भाव ज्याने दिसतो ते ज्ञान सात्त्विक. ज्याने केवळ निरनिराळेपणच दिसते ते राजस. आणि जे एका लहानशा अंशालाच सर्वस्व मानून, कारण न पाहता, त्यालाच चिकटून बसते ते तामस. दक्षिण आफ्रिकेत एखाद्या मनुष्याचा वंश संशयास्पद वाटला तर अधिकारी त्याच्या केसांत शिसपेन्सिल खोवून पाहत. ती घसरून पडली तर एक वर्ग, अडकून राहिली तर दुसरा. एका पेन्सिलीवर मनुष्याचे घर, शाळा, विवाह आणि मताचा अधिकार ठरे. एकाच आईची लेकरे दोन निरनिराळ्या वर्गांत नोंदली गेल्याची उदाहरणेही घडली. केसांच्या कुरळेपणात सारा मनुष्य पाहणारे ज्ञान तामस नाही, तर तामस ज्ञान म्हणावे तरी कशाला?

या अन्यायाशी भारताचा संबंध फार जुना आहे. १६ नोव्हेंबर १८६० रोजी मद्रासहून निघालेले 'ट्रुरो' जहाज डर्बन बंदराला लागले आणि उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी करारबद्ध झालेली पहिली भारतीय माणसे तेथे उतरली. त्यांनाच पुढे गिरमिटिये म्हणू लागले. १९११ पर्यंत सुमारे दीड लाख भारतीय स्त्रीपुरुष असे गेले. त्यांत तमिळ व तेलुगू होते, बिहार व संयुक्त प्रांतातील होते; मागोमाग गुजरातेतील व्यापारीही गेले. करार संपल्यावर जे तेथेच राहू इच्छीत त्यांच्यावर १८९५ च्या कायद्याने वर्षाला ३ पौंडांचा कर बसविण्यात आला. ज्याची मिळकत महिन्याला जेमतेम पोटापुरती, त्याला हा कर म्हणजे पुन्हा गुलामीत जाण्याची वाट होती.

१८९३ साली मोहनदास करमचंद गांधी नावाचे एक तरुण बॅरिस्टर तेथे गेले आणि पहिल्या वर्गाचे तिकीट हाती असताना पीटरमारित्झबर्ग स्थानकावर त्यांना डब्यातून खाली उतरविण्यात आले. ही कथा सर्वश्रुत आहे. गीतेच्या वाचकाने मात्र तिच्यापुढील एक लहानशी गोष्टही ध्यानात ठेवावी. जोहान्सबर्गमध्ये वकिली करीत असताना गांधीजी सकाळी दात घासण्याच्या वेळी समोरच्या भिंतीवर गीतेचे श्लोक लिहिलेले कागद चिकटवून ठेवीत आणि ते पाठ करीत. अशा रीतीने त्यांनी तेरा अध्याय मुखोद्गत केले. अपरिग्रह आणि समभाव या दोन शब्दांनी आपल्याला पकडले, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. समभाव कसा मिळवावा, अपमान करणारा अधिकारी आणि उपकार करणारा मित्र यांना सारखे कसे लेखावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे पुस्तकातून आला नव्हता. तो रोजच्या कोर्टकचेरीतून आला होता.

१९१३ साली मार्च महिन्यात तेथील एका न्यायालयाने असा निकाल दिला की, ख्रिस्ती विधीने न झालेले विवाह कायद्याला मान्य नाहीत. एका लेखणीच्या फटकाऱ्याने हिंदू, मुसलमान व पारशी गृहस्थांच्या धर्मपत्नी कायद्याच्या दृष्टीने पत्नी उरल्या नाहीत. तेव्हा ज्या स्त्रियांनी आजवर उंबरठा ओलांडला नव्हता त्या सत्याग्रहात उतरल्या. कस्तुरबांना सश्रम कारावास झाला. वल्लिअम्मा ही कोवळ्या वयाची तमिळ मुलगी तुरुंगातून ताप घेऊन बाहेर आली आणि २२ फेब्रुवारी १९१४ रोजी तिने देह ठेवला. नोव्हेंबर १९१३ मध्ये खाणींतील संपकरी मजुरांचा जो तांडा ट्रान्सवालची सीमा ओलांडून गेला त्यात २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया व ५७ मुले होती. हर्मान कॅलेनबाख या यहुदी वास्तुशिल्पकाराने १९१० मध्येच आपली ११०० एकर जमीन सत्याग्रही कुटुंबांच्या वास्तव्यासाठी दिली होती. तमिळ मजूर आणि गुजराती व्यापारी, हिंदू आणि मुसलमान, भारतीय आणि काही युरोपीय असे सारे एका चुलीवरचे अन्न खाऊ लागले. ३ पौंडांचा कर १९१४ साली रद्द झाला आणि विवाहांना मान्यता मिळाली.

परंतु येथे थांबणे म्हणजे अर्धे सत्य सांगणे होईल. त्या लढ्यात त्या भूमीची मूळ प्रजा, म्हणजे आफ्रिकी लोक, बरोबर घेतले गेले नव्हते. भारतीयांची मागणी भारतीयांपुरतीच होती. आणि गांधीजींच्या आरंभीच्या लेखनात आफ्रिकी लोकांविषयी तुच्छतेचे शब्दही आढळतात, हे लपवून ठेवण्यात काही अर्थ नाही. डर्बनजवळ इनांडा येथे १९०४ मध्ये गांधीजींनी फिनिक्स आश्रम स्थापन केला. तेथून थोड्याच अंतरावर जॉन डुबे या आफ्रिकी शिक्षकाने आपल्या समाजाच्या मुलांसाठी ओहलांगे येथे विद्यालय चालविले होते. तेच डुबे १९१२ मध्ये आफ्रिकी काँग्रेसचे पहिले अध्यक्ष झाले. दोन शेजारी, दोघेही एकाच अन्यायाखाली भरडलेले, दोघेही स्वावलंबनाचे उपासक. तरी त्यांचे लढे दोन निरनिराळ्या वाटांनी गेले.

यातून गांधीजींची निंदा काढणे सोपे आहे. परंतु साधकाने त्यातून आपल्यासाठी बोध घ्यावा. समदर्शन हे एका दिवशी आकाशातून पडत नाही. १९०६ साली झुलू लोकांच्या उठावाच्या वेळी गांधीजी सरकारच्या बाजूने शुश्रूषापथक घेऊन गेले, आणि तेथे त्यांच्या वाट्याला आले ते चाबकांच्या फटक्यांनी सोललेले झुलू. त्यांच्या जखमा धुण्यास गोऱ्यांपैकी कोणी तयार नव्हते. त्या जखमा धुता धुता त्यांची दृष्टी धुतली जाऊ लागली. १९०८ च्या मे महिन्यात जोहान्सबर्गच्या एका सभेत त्यांनी सर्व वंश एकत्र येऊन घडणाऱ्या भावी संस्कृतीचे चित्र श्रोत्यांपुढे ठेवले. महात्म्याची दृष्टीही पायरीपायरीने रुंदावली. मग सामान्य गृहस्थाने 'माझी दृष्टी समच आहे' असे गृहीत धरून बसणे किती धोक्याचे आहे!

ज्या दोन वाटा त्या वेळी एकत्र आल्या नाहीत त्या पुढे आल्या. १९४६ साली भारतीयांच्या जमीनधारणेवर नवे निर्बंध घालणारा कायदा झाला. त्याविरुद्ध सुमारे दोन हजार लोक तुरुंगात गेले. मायकेल स्कॉट या इंग्रज धर्मोपदेशकानेही कारावास पत्करला. त्याच वर्षी भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद केला, आणि विजयालक्ष्मी पंडित यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळाने हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या सभेत नेला. भारताला स्वतःचे स्वातंत्र्य अजून मिळावयाचे होते, तेव्हाची ही गोष्ट. पुढे ९ मार्च १९४७ रोजी तीन पुढाऱ्यांनी एका घोषणापत्रावर सह्या केल्या: आफ्रिकी काँग्रेसचे झूमा, नाताळ भारतीय काँग्रेसचे नायकर आणि ट्रान्सवाल भारतीय काँग्रेसचे दादू. एक आफ्रिकी, एक तमिळ कुळातील हिंदू, एक गुजराती कुळातील मुसलमान. आणि योग असा की तिघेही व्यवसायाने वैद्यक जाणणारे डॉक्टर. रोग एक आहे, तर औषध तीन घरांत निरनिराळे शिजविण्यात हशील नाही, हे त्यांनी ओळखले.

घोषणापत्रावर सही करणे सोपे असते. मने जुळणे कठीण असते. अवघ्या दोन वर्षांत, जानेवारी १९४९ मध्ये, डर्बन येथे एका भारतीय दुकानात एका आफ्रिकी मुलाला झालेल्या मारहाणीचे निमित्त होऊन दंगल पेटली. भारतीयांची घरे व दुकाने जळाली, पोलीस व सैनिकांच्या गोळीबारात आफ्रिकी मेले. १४२ माणसे प्राणांस मुकली. याची कारणे उघड होती. दुकान भारतीयाचे, मोटारगाडी भारतीयाची, गिऱ्हाईक व उतारू आफ्रिकी; आणि गल्ल्यामागे बसलेल्याच्या जिभेवर पुष्कळदा उर्मट शब्द. वर बसलेल्या गोऱ्याने भारतीयाला जे दिले, तेच भारतीयाने खालच्या पायरीवरील आफ्रिकी माणसाला पोहोचते केले होते. अन्याय सोसणारा मनुष्य आपोआप समदर्शी होत नाही. तो स्वतःहून दुर्बळ कोणी सापडला की तोच अन्याय पुढे चालवितो. ही गोष्ट प्रत्येक समाजाने आपल्या अंगणात पडताळून पाहावी.

या दंगलीनंतर दोन्ही बाजूंचे पुढारी एकमेकांवर दोषारोप करीत बसले असते तर १९४७ चे घोषणापत्र तेथेच राख झाले असते. परंतु त्यांनी एकत्र येऊन शांततेचे आवाहन केले आणि जोडकाम सोडले नाही. २६ जून १९५२ रोजी अन्यायी कायद्यांचा सविनय भंग सुरू झाला आणि काही महिन्यांत आठ हजारांवर स्त्रीपुरुषांनी स्वखुशीने अटक करवून घेतली. आफ्रिकी काँग्रेसचे आल्बर्ट लुथुली हे झुलूंचे एक ग्रामप्रमुख होते. काँग्रेस सोडा, नाहीतर प्रमुखपद सोडा, असे सरकारने बजावले. त्यांनी काँग्रेस सोडली नाही आणि सरकारने त्यांचे प्रमुखपद काढून घेतले. पुढे १९६० सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना देण्यात आले. डिसेंबर १९५२ मध्ये गांधीजींचे द्वितीय पुत्र मणिलाल आणि माजी गव्हर्नर-जनरलचे गोरे पुत्र पॅट्रिक डंकन हे जर्मिस्टनच्या आफ्रिकी वस्तीत परवान्याशिवाय शिरले आणि तुरुंगात गेले. फिनिक्सच्या ज्या आश्रमातून एके काळी केवळ भारतीयांसाठी आवाज उठला होता, त्याच आश्रमाचा वारस आफ्रिकी वस्तीच्या वाटेवर आफ्रिकी माणसांच्या बरोबरीने चालला.

त्याच सविनय भंगाच्या पहिल्या दिवशी बॉक्सबर्ग येथे वॉल्टर सिसुलू या आफ्रिकी पुढाऱ्याबरोबर तुकडीच्या अग्रभागी चालणाऱ्यांत नाना सीता होते. नाना सीता हे गुजरातेत जन्मलेले, प्रिटोरियात स्थायिक झालेले, किराणा दुकान चालविणारे, बायकामुलांचे साधे हिंदू गृहस्थ. पुढे त्यांचे राहते घर ज्या भागात होते तो भाग गोऱ्यांसाठी राखीव ठरला आणि त्यांना घर सोडण्याचा हुकूम झाला. त्यांनी घर सोडले नाही. १९६२ पासून त्यांच्यावर पुन्हा पुन्हा खटले झाले. ते दंड भरीत नसत, शिक्षा भोगून परत त्याच घरी येत. वय साठीच्या पलीकडे गेले होते आणि सांधे दुखण्याने जखडले होते. अन्यायी कायद्यापुढे भयाने मान तुकविणे हा ईश्वराचा अपराध होय, अशी त्यांची श्रद्धा होती. न्यायाधीशाविषयी किंवा पोलिसाविषयी त्यांच्या मनात वैर नव्हते. १९६९ साली ते निवर्तले, तोवर त्यांना विजयाचे चिन्हही दिसले नव्हते. फळाचा अधिकार आपला नाही, कर्माचा आहे, हे दुसऱ्या अध्यायातील सूत्र एका किराणा दुकानदाराने असे जगून दाखविले.

भिन्न समाजांनी मिळून काम करताना कोणत्या नियमांनी वागावे हे या इतिहासातून आणि गीतेतून एकाच वेळी स्पष्ट होते. तिसऱ्या अध्यायाच्या अकराव्या श्लोकात परस्परांचे पोषण करीत परम कल्याण पावण्याची आज्ञा आहे. पोषण परस्परांचे आहे. एकाने दाता व्हावे आणि दुसऱ्याने कायमचा याचक राहावे असे तेथे म्हटलेले नाही. म्हणून सहकार्य हे दान नव्हे. दुसरी गोष्ट अशी की सहकार्य हा सौदाही नव्हे. 'तुम्ही आमच्यासाठी उभे राहिलात तर आम्ही तुमच्यासाठी उभे राहू' ही व्यापाऱ्याची भाषा झाली. निष्काम कर्म करणारा पहिले पाऊल स्वतः टाकतो. तिसरी गोष्ट अशी की या कामात अन्यायाशी विरोध असावा, अन्याय करणाऱ्याचा द्वेष नसावा. बाराव्या अध्यायात भगवंतांनी आपल्या प्रिय भक्ताची लक्षणे सांगताना आरंभच अद्वेषापासून केला आहे. श्रीज्ञानेश्वर महाराजांनीही ज्ञानेश्वरीच्या शेवटी विश्वात्मक देवापाशी प्रसाद मागताना दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांच्यातील वाकडेपणा तेवढा गळून जावा, एवढेच मागितले.

२७ वर्षांचा कारावास भोगून ११ फेब्रुवारी १९९० रोजी मुक्त झालेल्या नेल्सन मंडेला यांनी हाच मार्ग धरला. २७ एप्रिल १९९४ रोजी त्या देशात सर्व वंशांच्या लोकांनी प्रथमच एकत्र मतदान केले. मंडेला यांनी आपले मत टाकण्यासाठी इनांडा येथील ओहलांगे विद्यालय निवडले आणि तेथे जॉन डुबे यांच्या समाधीचे दर्शन घेतले. शेजारचा फिनिक्स आश्रम १९८५ च्या दंग्यात उद्ध्वस्त झाला होता; तो पुन्हा उभारला गेला आणि २००० साली लोकांसाठी उघडला. तरीही काम संपले असे कोणी समजू नये. कायदे गेले, परंतु संपत्तीची विषमता राहिली. आणि जुलै २०२१ च्या दंगलीत आश्रमाचेच नाव धारण करणाऱ्या फिनिक्स या भारतीयबहुल वस्तीत तिसांहून अधिक माणसे मारली गेली, ती बहुतेक आफ्रिकी होती. आजोबांनी लावलेली तुळस नातवाने पाणी न घालता जगत नाही, तसेच हे आहे. समभाव प्रत्येक पिढीने नव्याने जोपासावा लागतो.

हे सर्व वाचून 'दक्षिण आफ्रिकेतील गोऱ्यांनी किती अन्याय केला' एवढेच उद्गार काढून जो पान उलटील त्याच्या हाती काहीच लागणार नाही. तेराव्या अध्यायातील समदर्शनाचा उपदेश परदेशासाठी राखून ठेवलेला नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा निग्रो गुलामांच्या मुक्ततेसाठी निःस्वार्थपणे झिजलेल्या अमेरिकेतील सत्पुरुषांना तो अर्पण केला. रंगभेद आणि जन्मभेद ही एकाच झाडाची फळे आहेत, हे त्यांनी दीडशे वर्षांपूर्वीच पाहिले होते. भारताच्या संविधानाने १९५० मध्ये अस्पृश्यता नष्ट केली. परंतु फळीच्या कोपऱ्यात कामवाल्या बाईसाठी वेगळी ठेवलेली कपबशी अजून कितीतरी सुशिक्षित घरांत आहे. मार्च २०१७ मध्ये दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे शिक्षणासाठी आलेल्या आफ्रिकी विद्यार्थ्यांना जमावाने मारहाण केली. ज्या देशाने आफ्रिकेच्या बाजूने संयुक्त राष्ट्रांत प्रथम आवाज उठविला, त्याच देशाच्या रस्त्यावर हे घडले.

आणि कातडीच्या रंगाविषयी तर हिंदू गृहस्थाने क्षणभर आपल्या देवाकडेच पाहावे. पंढरीचा विठ्ठल सावळा, जगन्नाथपुरीचा जगन्नाथ काळा, नाथद्वाऱ्याचे श्रीनाथजी श्यामवर्ण. आणि ज्याने अर्जुनाला गीता सांगितली तो कृष्ण तर नावानेच काळा. त्या सावळ्या चरणांवर मस्तक ठेवून घरी परतलेला भक्त मुलासाठी वधू पाहताना पहिला प्रश्न 'मुलगी गोरी आहे ना?' असा विचारतो, तेव्हा त्याने मंदिरात नेमके कोणाचे दर्शन घेतले, असा प्रश्न पडतो.

गृहस्थाने मोठ्या चळवळी उभारल्या पाहिजेतच असे नाही. परंतु पुढील नियम पाळणे प्रत्येकाच्या हाती आहे.

(१) घरात काम करणाऱ्या प्रत्येक मनुष्याला त्याच भांड्यात, तेच अन्न, त्याच आदराने द्यावे.

(२) मुलांच्या देखत कोणत्याही वंशाची, जातीची, प्रांताची किंवा धर्माची चेष्टा करू नये. श्रेष्ठ मनुष्य जे आचरतो त्याचेच इतर अनुकरण करतात, असे तिसऱ्या अध्यायात भगवंत सांगतात. आणि मुलांच्या दृष्टीने आईबाप हेच श्रेष्ठ असतात.

(३) भाड्याने घर देताना, नोकरीस ठेवताना किंवा विवाह ठरविताना रंग व जन्म यांना आड येऊ देऊ नये.

(४) गावाच्या पाण्याचे, शाळेचे, रस्त्याचे, दुष्काळाचे वा पुराचे कोणतेही सार्वजनिक काम निघाले तर ते आपल्याच समाजापुरते न ठेवता, शेजारच्या निराळ्या समाजाला आरंभापासून बरोबर घ्यावे. त्यांच्या शब्दाला सल्ल्याइतके नव्हे, निर्णयाइतके मोल द्यावे.

(५) दुसऱ्या समाजावर अन्याय होत असता, 'हा आपला प्रश्न नाही' असे म्हणू नये. सर्व भूतांच्या हितात रममाण होणारेच भगवंताला पावतात, असे बाराव्या अध्यायाचे सांगणे आहे. त्यात आपली भूते व परकी भूते असा विभाग केलेला नाही.

हे नियम लहान वाटतील. परंतु नाना सीता यांनीही आरंभ स्वतःच्या घराच्या दारातूनच केला होता. जो गृहस्थ रोज सकाळी अठरावा श्लोक म्हणतो आणि दिवसभरात निदान एक वेळ तरी तो पाळतो, त्याचे गीतापठण वाया जात नाही. कारण या धर्माचे थोडेसे आचरणही मोठ्या भयातून तारते, असे प्रत्यक्ष भगवंतांचेच आश्वासन आहे. तो सर्वांच्या हृदयात वसणारा सावळा परमात्मा सर्वांना अशी दृष्टी देवो, आणि त्या दृष्टीप्रमाणे चालण्याचे बळही देवो.